माझी नणंद माणसाचे पाय बघते

माझी नणंद कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा सगळे माझा चेहरा बघत होते, ही एकटी माझ्या पावलांकडे डोळे लावून बसली होती. मला वाटलं, चप्पल आवडली असेल. जरा वेळाने म्हणाली, "वहिनी, तुझा उजवा पाय आत वळतो. लहानपणी पडली होतीस का?" मी अजून वहिनी झालेही नव्हते. सासूबाई हसून म्हणाल्या, "तिचं ते कॉलेजचं आहे गं, लक्ष नको देऊस." मी लक्ष दिलं. आजतागायत देते आहे.

तिचं ते कॉलेजचं म्हणजे कायनेसिऑलॉजी. साध्या भाषेत, माणसाच्या हालचालीचं शास्त्र. माणूस चालतो कसा, वाकतो कसा, उचलतो, फेकतो, दमतो आणि पडतो कसा, हे विद्यापीठात जाऊन शिकायचं. चालायला आपण सगळेच दात येता येता शिकतो आणि त्याची डिग्री कुणी मागत नाही, पण हिला हवी होती. घरात तो शब्द कुणाच्या तोंडात बसेना. सासरे 'कायनेशी' म्हणून वेळ मारून नेत, सासूबाई 'हाडांचं काहीतरी' म्हणून मोकळ्या होत, आणि माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या दादाने, त्याची फोड केली: "काय नसे? ऑलॉजी!" तेव्हापासून घरात तिचं नावच 'काय नसे' पडलं. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून तिकडे गेली, असं नातेवाइकांत बोललं जाई. खरं तर तिने मेडिकलचा अर्जच केला नव्हता. ते ती कुणाला सांगत नसे, मग मी कशाला सांगू?

मी त्या घरात आले तेव्हा तिचं शिक्षण चालू होतं. माझी समजूत अशी की ही मंडळी मैदानावर शिट्ट्या फुंकत असतील. तसं काही नव्हतं. उघडून ठेवलेल्या मृतदेहापुढे उभं राहून एकेक स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो ते घोकायचं. मग तरफांचं गणित, कोपर म्हणजे टेकू आणि हातातली पिशवी म्हणजे भार. नाकातोंडावर मुखवटा बांधून फिरत्या पट्ट्यावर धावायचं आणि हवा किती खर्च झाली ते बघायचं. मेंदू नवी हालचाल शिकतो कशी आणि एकदा शिकलेली विसरत का नाही, यावर तर एक आख्खा विषय होता. जेवताना ती हे सगळं बोलायची. मृतदेहाचंसुद्धा. माझा घास तोंडात फिरायचा आणि माझा नवरा कौतुकाने विचारायचा, "मग? पुढे?"

आता माझ्या रागाचं मूळ सांगते. तिला सरावासाठी माणूस लागायचा. वर्गातली मुलं एकमेकांवर सराव करत, पण ती सगळी काटकुळी. हिच्या घरात आयता नमुना होता. माझा नवरा मालगोदामात मुकादम, ट्रक रिकामे करणाऱ्या टोळीचा म्होरक्या. खांदे दारात मावत नाहीत असा. तो कामावरून आला की हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लागायच्या, हा अर्ध्या चड्डीवर उभा राहायचा, आणि ही त्याच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, कमरेवर, खांद्यांवर गोल चकत्या चिकटवायची. समोर कॅमेरा, त्या चकत्यांवरून हालचाल मोजायला. मध्ये पुस्तकं भरलेलं खोकं.

"दादा, उचल. पाठ सरळ. गुडघ्यातून. श्वास सोड. ठेव. परत."

तो उचलायचा. ठेवायचा. परत. लग्न माझ्याशी झालेलं आणि संध्याकाळ हिच्याबरोबर! मी स्वयंपाकघरातून भांडी आपटून दाखवायची, तर ती हॉलमधून ओरडायची, "वहिनी, तू भांडी आपटताना खांद्यातून आपटतेस, मनगट दुखेल." तळपायाची आग मस्तकात जायची. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी शेवटी तर तिला बोलायची गरज उरली नव्हती. खोकं समोर ठेवलं की तो आपोआप पुस्तकातल्या चित्रासारखा उचलायचा, आणि कॅमेरा बंद झाला की ते खोकं आपल्या नेहमीच्या पद्धतीने, कमरेत वाकून, एका हिसक्यात कोपऱ्यात भिरकावायचा. ती कपाळावर हात मारायची. तो हसायचा.

डिग्री मिळाल्यावर तिचे वर्गमित्र घरी जेवायला आले. सासूबाईंनी प्रत्येकाला धरून विचारलं, आता नोकरी कसली? एक जण हॉस्पिटलात हृदयविकाराच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेणार होता. एक मुलगी कृत्रिम पाय बनवणाऱ्यांकडे लागली होती, नवा पाय लागलेल्या माणसाला चालायला शिकवायला. कुणी शाळेत खेळाचा शिक्षक, कुणी फुटबॉल संघाबरोबर, कुणी खुर्च्यांच्या कारखान्यात. "खुर्चीत बसायचं कसं, हे सांगायला माणूस ठेवतात?" सासूबाईंनी विचारलं. तो म्हणाला, "नाही, खुर्चीलाच सांगायचं, कसं बसवून घ्यायचं ते." तिघं-चौघं फिजिओथेरपी शिकायला पुढे जाणार होते, कारण नुसत्या या डिग्रीवर रुग्णावर उपचार करता येत नाहीत, हे त्यांना प्रवेश घेताना कुणी ठासून सांगितलं नव्हतं. त्यावरून त्यांच्यात चांगलीच जुंपली. आणि एक चष्मेवाली म्हणाली, मी म्हातारी माणसं का पडतात याचं संशोधन करणार. सासूबाई म्हणाल्या, "अगं, म्हातारी झाली म्हणून पडतात! त्यात काय शोधायचं?" सगळे हसले. माझी नणंद हसली नाही. ती सासूबाई खुर्चीतून उठताना कशा उठतात ते बघत होती.

तिला स्वतःला नोकरी लागली ती अगदी तिलाच शोभेलशी, आणि त्यासाठी ती वेगळी खोली घेऊन राहू लागली. एक केंद्र आहे, गोदामं आणि कारखाने आपली माणसं तिथे पाठवतात. दुखापत झालेला माणूस पुन्हा कामाला लायक झाला का, ते तिथे तपासतात. कधी उलटंही करतात, कामाच्या जागी जाऊन टेबलाची उंची, फळीची उंची बघतात, काम माणसाला लायक आहे का ते ठरवतात. पण ते कमी. बहुतेक वेळा हिने माणसाला उचलायला लावायचं आणि मान हलवायची, उभी किंवा आडवी. दुसऱ्याचं पोट आपल्या मानेवर अवलंबून असलेलं माणूस मला तरी आवडत नाही.

आणि एक दिवस तिचा दादाच तिच्या केंद्रात जाऊन उभा राहिला.

झालं असं की गोदामात एक अवजड यंत्र उतरवताना पलीकडच्या माणसाचा हात सुटला. सगळा भार याच्या कमरेवर आला. मणक्यातली गादी सरकली. महिनेच्या महिने पलंगावर. ज्या माणसाने कधी स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नव्हतं तो पलंगावरून मला स्वयंपाक शिकवू लागला. आधी ओरडायचा. मग ओरडणंही बंद झालं, नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मला ओरडणारा परवडला असता. हळूहळू उठला, चालू लागला, म्हणाला बरा झालो. कंपनीने सांगितलं, केंद्रातून होकार आण, तुझी टोळी तुला परत देऊ. नाहीतर गेटवर बसून गाड्यांचे नंबर बघ. गेटवर बसायच्या नुसत्या कल्पनेने त्याचा चेहरा काळवंडला. त्या गेटवर आजवर बसलेली माणसं त्याला माहीत होती. त्यांना हाक मारून खिजवणाऱ्यांत हाच पुढे असायचा.

नात्यातल्या माणसाची तपासणी करायची नाही असा तिथला नियम, म्हणून तिच्या सहकाऱ्याने केली. त्याला सगळे 'टेनिस' म्हणत, आधी तो टेनिसच्या खेळाडूंकडून सराव करून घ्यायचा. मी दाराशी बाकावर बसले होते. कंपनीचे साहेब हाताची घडी घालून उभे. माझी नणंद कोपऱ्यातल्या टेबलापाशी, आमच्याकडे पाठ करून काहीतरी आवरत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान आज तरी तोंड बंद ठेवेल.

टेनिसने कड्या लावलेलं खोकं जमिनीवर ठेवलं. माझ्या नवऱ्याने ते उचललं. काय उचललं! पाठ सरळ, गुडघ्यातून, श्वास सोडून. टेनिसने आत वजन वाढवलं. त्याने उचललं. अजून वाढवलं. कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग खाली. घामाचा थेंब नाही. टेनिस म्हणाला, "वा! असं उचलणारे खेळाडूसुद्धा मला कमी भेटले." साहेबांनी घडी सोडली. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघून डोळा मारला.

तेवढ्यात ती वळली. "दादा, किल्ल्या!" म्हणाली आणि हातातला जुडगा त्याच्याकडे फेकला.

जुडगा त्याच्या पायाशी पडला. तो वाकला. नुसता वाकला, आपण कुणीही वाकू तसा. आणि मी बघितलं, त्याचा एक हात आपोआप मांडीवर गेला, डावा पाय मागे सरकला, अर्ध्यात तो थांबला, आणि दुसरा हात चाचपडत बाकाची कड शोधू लागला. बाक लांब होता. किल्ल्या जमिनीवरच राहिल्या.

"खोक्याची परीक्षा धरू नकोस," ती टेनिसला म्हणाली. "ते त्याला मी शिकवलंय. झोपेतसुद्धा करेल. तेवढी एकच हालचाल दुखलं तरी त्याची चुकत नाही."

"तू गप्प बस!" माझा नवरा ओरडला.

"हा माणूस बरा नाही," ती साहेबांना म्हणाली.

हा माणूस! सख्खा भाऊ, ज्याच्या पाठीवर हिची डिग्री झाली, तो हा माणूस. साहेबांनी पुन्हा हाताची घडी घातली, आणि टेनिसने मान हलवली, आडवी.

आठवड्याभराने मी एकटी तिच्या केंद्रात गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. ती एका प्लास्टिकच्या सांगाड्याचा निसटलेला गुडघा जोडत बसली होती. मी आत शिरले तर ही आधी माझ्या पायांकडेच बघते!

"वर बघ," मी म्हणाले. "माझ्याशी बोलताना वर बघ."

तिने वर बघितलं. डोळे सुजले होते. मला दया आली नाही.

"तुझ्या त्या टेनिसला कळलं नव्हतं. साहेबांना कळलं नव्हतं. कुणालाही कळलं नसतं."

"हो. माझ्याशिवाय कुणाला कळलंच नसतं."

"मग गप्प बसायला काय धाड भरली होती?"

"वहिनी, परक्या माणसाला मी थांबवते. रोज थांबवते. आणि दादाला पाठवू? त्याची पाठ मला पाठ आहे गं."

"शब्दांच्या कोट्या नंतर कर. तो दोन घास जेवत नाही. गेटवर बसतो. कालपर्यंत ज्या पोरांना दम द्यायचा ती जाता-येता विचारतात, 'मुकादम, उन्हाचा त्रास नाही ना होत?' हे तुझ्या शास्त्रात आहे का कुठे? माणूस बसून बसून मरतो ते?"

"आहे," ती म्हणाली. "तेही आहे." आणि गुडघ्याचा स्क्रू पिळायला लागली. "सहा महिने दे त्याला. मी रोज घरी येऊन व्यायाम घेईन. तो परत उचलेल, खरंखुरं उचलेल."

"घरात पाऊल टाकू नकोस," मी म्हणाले. आणि निघाले. दारातून बाहेर पडताना मला पाठीवर तिची नजर जाणवत होती. म्हणजे पाठीवर नाही, पायांवर. मुद्दाम दोन्ही पाय सरळ टाकत चालले, आणि घरी येईपर्यंत पोटऱ्या भरून आल्या.

ती खरंच आली नाही. माझ्या नवऱ्यानेही तिचं नाव टाकलं. गेटवर त्याने कसेबसे दिवस काढले, मग एका संध्याकाळी घरात शिरला तो गाणं गुणगुणतच. गावाबाहेर नवं मालाचं यार्ड निघालं होतं. तिथे तपासणी नाही, केंद्र नाही, खोकं नाही. आलास? खांदे दाखव. लाग कामाला. "टोळी पण देतायत," तो म्हणाला. मी विचारलं, "पाठ?" तर म्हणाला, "तू पण काय नसे झालीस का?" मी गप्प बसले. त्याला हसताना बघून किती दिवस झाले होते. तो पुन्हा जेवायला लागला, पुन्हा माझ्यावर ओरडायला लागला, मीठ कमी झालं म्हणून. घरात परत घरासारखा आवाज आला. रात्री कुशीवर वळताना दात आवळायचा ते मला ऐकू येई, पण सकाळी विचारलं की म्हणे, स्वप्न पडलं. नणंदेला मी मनातल्या मनात चारचौघांत दाखवून देत होते, बघ, उचलतोय ना? बघ!

मग तो म्हणाला, दुखायचं पार थांबलं. कंबर नाही, मांडी नाही, काही नाही. "औषधापेक्षा काम बरं," म्हणाला. मी शेजारणीलाही सांगून आले.

कालची गोष्ट. दिवेलागणीची वेळ, मी भाजी चिरत होते. जिन्यावर त्याची पावलं वाजली. रोज वाजतात, मी काही कान लावून बसत नाही. पण काल हात थांबला. एक पाऊल नेहमीसारखं, टाच मग चवडा. दुसरं, थप. पुन्हा एक नेहमीसारखं. पुन्हा थप. ओली फरशी पुसायचं फडकं आपटावं तसं. मी दार उघडून वाकून बघितलं. तो एक गुडघा नको तेवढा उंच उचलत होता, एकदम दोन पायऱ्या चढून जाईल इतका उंच, आणि पाऊल आपलं खाली लोंबत होतं. स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. वर बघून हसला. "काय गं, पाहुणे येणार आहेत का?"

तो तोंड धुवायला गेला आणि मी फोन लावला. नंबर अजून 'काय नसे' याच नावाने होता. मी तिला कधी फोन करत नाही, त्यामुळे तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"दादा?"

"त्याचा बूट वाजतोय," मी म्हणाले. सांगताना माझं मलाच येडपटासारखं वाटलं. "जिन्यावर. एकाच पायाचा."

"कोणता?"

"डावा."

"दुखतंय म्हणतो?"

"नाही. दुखायचं थांबलंय. खूश आहे."

मला वाटलं, लागला हिला टोला. मग पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला.

"वहिनी, ऐक. नस दबली आहे, तिने सांगणंच बंद केलंय. बसव त्याला, चालू देऊ नकोस. बूट काढ आणि अंगठा वर करायला सांग, पायाचा, त्याच्या स्वतःच्या तोंडाकडे. मी गाडी घेऊन येतेय, सरळ हॉस्पिटलात जायचं. फोन बंद करू नकोस."

मी फोन कानाला लावून बाहेर आले. त्याला म्हटलं, बस. तो बसला, टॉवेल गळ्यात, अजून हसतच. मी खाली बसून त्याच्या डाव्या बुटाची नाडी सोडली. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याचा बूट कधी काढला नव्हता. त्याला गुदगुल्या झाल्या नाहीत तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"अंगठा वर कर."

"कशाला? कोण आहे फोनवर?"

"तुझी बहीण. कर म्हणते ना."

बहीण म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. ताठ बसला, छाती पुढे काढली, दोन्ही हात मांड्यांवर रोवले. मानेच्या शिरा फुगल्या. तो माझ्याकडे बघत होता, जिंकल्यासारखा. मी पायाकडे बघत होते. अंगठा होता तिथेच होता, जरासुद्धा हलला नाही.

"केला," तो म्हणाला.

फोनमध्ये ती पळत होती. जिना उतरत असावी, श्वास लागला होता, आणि प्रत्येक पायरीला तेच विचारत होती. "केला का वर? वहिनी, केला का गं?"

"तो म्हणतो, केला," मी म्हणाले.